मोटर बंद आहे

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी येरमाळ्याजवळच्या एका शिवारात, विहिरीत पाच-सहा हात खाली टप्प्यावर बसवलेली साडेसात एचपीची मोटर आपोआप चालू झाली. बजरंग नावाच्या चौतीस वर्षांच्या माणसाचा उजवा हात तेव्हा मोटर आणि पंप यांच्यामधल्या दांड्यापाशी होता. तिथून पाणी गळत होतं आणि ते थांबवायला तो नवी दोरी भरत होता. दोन बोटं गेली, तिसरं कातड्यावर राहिलं, मनगट फिरलं. त्याला जीपमध्ये घालून बार्शीला नेलं. विहिरीत उतरण्याआधी त्यानं मोटर मोबाईलवरून बंद केली होती, आणि बंद झाल्याचं मशीननं त्याला फोनवर सांगितलंही होतं.

ही बातमी धाराशिवच्या एमआयडीसीत, जिथं ते मशीन तयार झालं होतं त्या कारखान्यात, अकरा वाजून पाच मिनिटांनी पोचली. फोन शिवरंजनीनं घेतला. कारखान्यात तपासणीचं सगळं काम तिच्याकडे होतं. एकोणीस बायका टेबलांवर बसून मशीन जोडायच्या, आणि जोडलेलं प्रत्येक मशीन तिच्या खोलीतून जाऊनच खोक्यात पडायचं. मशीनचं नाव मोबाईल ऑटो. स्टार्टरशेजारी भिंतीला लावायची पांढरी पेटी, आत एक सिमकार्ड. त्या नंबरला फोन लावला की मोटर चालू करता येते, बंद करता येते. फोन येरमाळ्याच्या दुकानदाराचा होता, कोंडीरामचा.

"मॅडम, लई वंगाळ झालं बघा. आपल्या ऑटोनं मोटर चालू केली. माणूस हिरीत हुता."

"फोन कुणी लावला होता?"

"कुणीच न्हाय. तीच तर गोम हाय. त्येचा मोबाईल वर काठावर चपलंत ठिवलेला. म्या सोता हातात घिऊन बघितला. शेवटचा फोन नऊ सत्तावीसचा, बंद करायचा. त्येच्या म्होरं कायबी न्हाय."

"फ्यूज काढला नव्हता?"

"फ्यूज कोण काढतंय मॅडम आता? फोननं बंद केली म्हंजी बंद. तुमच्याच लोकांनी मेळाव्यात सांगितलं न्हव, हेलपाटं बंद, खाटंवर बसून मोटर चालवा?"

तिनं पुढचा प्रश्न विचारायला नको होता, निदान इतक्या लवकर तरी नको होता. पण तो तोंडातून गेला. "शेतात झटका मशीन आहे का?"

"हाय की. रानडुकरांनी बेजार केलंय. समद्या शिवाराला तार हाय." मग जरा थांबून, "का वो?"

"आणि ऑटोच्या अँटेनाची वायर कुठं बांधलीय?"

"कुंपणाच्या खांबालाच. उच हाय त्यो. रेंज तिथंच घावती."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की डाव्या हातात एक खोकं तसंच धरलेलं आहे. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि त्याचा कोपरा टेबलाच्या कडेशी जुळवला. बाहेर बायका बोलत होत्या, कुणाच्या तरी जाऊबाईचं डोहाळजेवण तुळजापूरला होतं आणि साडी कोणती नेसायची यावर वाद होता. त्या बोलण्याच्या खालून तिला एक आवाज ऐकू आला. टक्. आवाज खोलीतला नव्हता. तो पुण्याचा होता, गेल्या जूनमधला, आणि इतके महिने तो कुठं जाऊन बसला होता हे तिला आत्ताच कळलं: तो कुठंच गेला नव्हता.

जूनमध्ये ती ऑटो घेऊन पुण्याच्या तपासणी प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा गेली होती. सर्टिफिकेट असल्याशिवाय ऑटो अनुदानाच्या यादीत बसत नव्हता आणि यादी महिनाअखेर बंद होणार होती. आधी दोनदा मशीन नापास झालं होतं, तेही पहिल्याच चाचणीत, मशीनमधून बाहेर पडणाऱ्या लहरींच्या. ती चाचणी एका बंद खोलीत होते. खोलीच्या भिंतींना, छताला सगळीकडे फोमचे निळे सुळके, दार बँकेच्या तिजोरीसारखं. बाहेरची एकही लहर आत येत नाही, आतली भिंतीवर आपटून परत येत नाही. लाकडी टेबलावर पेटी ठेवायची, टेबल हळूहळू फिरतं, तीन मीटरवर अँटेना उभी असते आणि बाहेरच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटत जाते. वर लाल रेघ असते. हिरवीनं लालला शिवायचं नाही. दोन्ही वेळा एकाच जागी शिवली होती. मधल्या काळात शिवरंजनीनं धाराशिवला बसून पेटीतला एक तुकडा हलवला, एक तार आखूड केली, केबलवर काळं कडं चढवलं. तिसऱ्या वेळी पेटी टेबलावर ठेवून ती क्षणभर त्या खोलीत एकटी उभी राहिली होती. तिथं आवाजच नव्हता. सुळके आवाजही गिळत असावेत. तिला स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येत होती, आणि आवंढा गिळला तेव्हा कुणीतरी दुसरंच गिळल्यासारखं वाटलं. ती बाहेर आली, दार लागलं, हिरवी रेघ लालच्या खाली राहिली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. प्रयोगशाळेचा इंजिनिअर कृष्णराज म्हणाला, "चला, जमलं एकदाचं. आता बाकीचं काही फार नाही." तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलं नाही.

बाकीचं म्हणजे उलटं. मशीननं बाहेर काय सोडलं ते झालं. आता बाहेरून आलेलं मशीन कितपत सोसतं ते. शेजारच्या साध्या खोलीत, तांब्याचा पत्रा घातलेल्या टेबलावर. पेटीच्या तारांवर एका यंत्रातून विजेचे बारीक, अतिशय वेगवान झटके सोडायचे आणि पेटी आपलं काम सोडते का ते बघायचं. मोटरच्या जागी एक बल्ब जोडलेला होता. पेटीनं मोटर चालू करायचा हुकूम दिला की बल्ब लागणार. हुकूम देणारा आतला तुकडा, म्हणजे रिले, ओढला गेला की टक् असा आवाज होतो; तो आवाज शिवरंजनी कारखान्यात दिवसातून दोनशे वेळा ऐकते. पहिली फेरी नीट गेली, दुसरी गेली. तिसऱ्या फेरीत कृष्णराज लॅपटॉपवर पहिल्या चाचणीचा अहवाल जोडत होता आणि ती खाली, आपल्या पायांकडे बघत होती. सँडलचा बंद तुटायला आला होता. स्टँडवर मोच्याकडे जाता येईल, साडेतीनची गाडी मिळाली तर नऊपर्यंत धाराशिव, असं काहीतरी मनात चाललं होतं. तेव्हा टक् झालं. तिनं मान वर केली तेव्हा बल्ब विझलेला होता. तो लागून विझला होता की विझलेलाच होता, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. कृष्णराजनं मान न वळवता विचारलं, "काही झालं का?" आणि ती म्हणाली, "नाही."

विचार करून म्हणाली असती तर ते खोटं झालं असतं. ती विचार करून म्हणाली नव्हती. दारावर कुणी नाव विचारलं की आपण नाव सांगतो, तसं ते आलं होतं. त्यानंतर तिनं विचार केला, पुष्कळ केला. उरलेल्या फेऱ्यांमध्ये तिनं बल्बवरून नजर हलवली नाही. एकदाही लागला नाही. त्या खोलीत एसी होता, स्टॅबिलायझर होता, एक जुना फ्रीज होता, ही सगळी टक् करणारीच मंडळी. शिवाय त्या सुळक्यांच्या खोलीतून बाहेर आल्यापासून तिचे कान जरा जास्तच ऐकत होते; जिन्यात कुणाच्या किल्ल्या वाजल्या तरी ती दचकली होती. हे सगळं तिनं एसटीत बसल्या बसल्या एकेक करून मांडलं होतं. टेंभुर्णी येईपर्यंत तिचं समाधान झालं होतं. बार्शीला गाडी थांबली तेव्हा तिनं चहा घेतला होता. अहवालात त्या फेरीपुढं 'काही आढळले नाही' असं छापून आलं, खाली कृष्णराजची सही आणि चाचणीच्या वेळी उत्पादकातर्फे हजर म्हणून तिची.

आणि तेवढंच असतं तरी ठीक होतं. दुसरी गोष्ट त्याहून साधी होती आणि त्यामुळे तिच्याकडे बघणं जास्त अवघड होतं. चाचणीच्या पुस्तकात तारा कशा मांडायच्या ते लिहिलेलं असतं. टेबलापासून दहा सेंटीमीटर उंच, फोमच्या ठोकळ्यावर, सरळ, एकमेकींपासून दूर. तिनं तशाच मांडल्या होत्या, पट्टी लावून. शेतात त्या तशा नसतात हे प्रयोगशाळेतल्या कुणाला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तिचं गाव मुरूमच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला लागून. तिथं शरणबसप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या विहिरीवर ऑटो बसला तेव्हा ती सुट्टीवर घरीच होती. रेंज येत नव्हती. अप्पा अँटेना हातात धरून बांधाबांधानं हिंडले होते आणि ती पेटीजवळ उभी राहून "अजून थोडं, अजून थोडं, हां, हां, तिथंच" असं ओरडत होती. तिथंच म्हणजे झटका मशीनच्या कुंपणाचा कोपऱ्यावरचा खांब. अप्पांनी वायर कुंपणाच्या तारेला दोन वेढे देऊन वर नेली, सुटू नये म्हणून. सुतळी तिनंच दिली होती. झटका मशीन कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला विजेचा एक ठोका टाकतं. तारेला गवताचं ओलं पातं लागलं की चट् चट् आवाज येतो, आणि त्या वेळी रेडिओ लावला तर रेडिओतही चट् चट् येतं. लहानपणापासून शेतात वावरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ऑटो वेगळा तपासला, पास झाला. झटका मशीन कुणीतरी कुठंतरी वेगळं तपासलं असेल, तेही पास झालं असेल. दोन्ही एका खांबाला सुतळीनं बांधलेली आहेत असं कुणीही, कुठंही तपासलं नव्हतं. ऑटोसोबतच्या माहितीपत्रकात तिनं एक ओळ घातली होती: अँटेनाची वायर इतर तारांपासून मोकळी ठेवावी. अक्षर बारीक होतं. ते माहितीपत्रक अप्पांच्या घरी देव्हाऱ्यात तेलाच्या बाटलीखाली घातलेलं तिनं पाहिलं होतं.

मालक अमरसिंह पावणेदोनला आले. सोलापूरहून परस्पर बार्शीला जाऊन आले होते. हे या माणसाचं बरं होतं, आधी दवाखान्यात गेले. पन्नाशीचे, एकेकाळी स्वतः मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलेले; उजव्या हाताच्या नखांत अजून वार्निश असावं असं वाटायचं. खुर्चीत बसले, पाणी प्याले, म्हणाले, "तिसरं बोट वाचेल म्हणतात. दोन गेली."

मग म्हणाले, "गड्यानं फ्यूज काढायला पाहिजे होता गं. आम्ही दुकानात असताना स्टार्टरला हात लावायच्या आधी फ्यूज खिशात घालायचो. खिशात! दुसऱ्यानं लावू नये म्हणून."

"मशीननं त्याला बंद आहे म्हणून सांगितलं, सर."

"बंद होतीच की. नंतर चालू झाली." ते स्वतःच्याच वाक्याशी थबकले. "चाचणीत असं कधी झालं होतं का?"

हा तोच प्रश्न होता, आठ महिन्यांनी, दुसऱ्या तोंडून. या वेळी तिला उत्तराच्या आधी वेळ मिळाला, आणि तो वेळ फार वाईट होता. त्या वेळात तिला बाहेरच्या एकोणीस जणी दिसल्या, पाठी दिसल्या फक्त, सोल्डरच्या धुरात वाकलेल्या. त्यांतल्या अकरा जणींना या कामाआधी कसलंच काम नव्हतं.

"एकदा," ती म्हणाली. "मला वाटलं."

"वाटलं म्हंजे?"

"टक् वाजलं. मी बल्बकडे बघत नव्हते."

"त्या लॅबच्या पोरानं बघितलं?"

"नाही."

"नोंद?"

"नाही."

अमरसिंहांनी पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा आहे हे पाहून ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं. ते समजूत घालायच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, ताई. स्टार्टरमध्ये पाल शिरली तरी मोटर चालू होते. मुंग्या झाल्या तरी होते. मी चाळीस पाहिल्यात अशा. पेटी कोंडीरामनं काढून ठेवलीय, उद्या येईल, आपण पुण्याला पाठवू. काय म्हणायचं ते ते म्हणतील. तोवर कुणाला फोन करायचा नाही. एकदा आपण फोन केला की आपणच कबूल केल्यासारखं होतं, कळतंय ना? एकशे शहाऐंशी मशीन गेलीत बाहेर. एकशे शहाऐंशी लोकांना काय सांगणार, मला टक् ऐकू आलं म्हणून?"

दुपारी तिनं दार लावून घेतलं आणि शेल्फवर पडून असलेलं एक जुनं झटका मशीन खाली काढलं. शेल्फच्या पायापासून खिडकीच्या गजापर्यंत तार ताणली. ऑटोची अँटेना, अप्पांनी दिले होते तसे दोन वेढे देऊन, त्या तारेला बांधली. बल्ब जोडला. चालू केलं. ठक, ठक, ठक, सेकंदाला एक. खुर्ची ओढून ती बल्बसमोर बसली आणि मोजायला लागली. अशा मोजण्यात माणूस हळूहळू आकड्याच्या आत जाऊन बसतो. पाचशेपर्यंत तिला बल्ब लागू नये असं वाटत होतं. हजारानंतर तो लागावा असं वाटायला लागलं, आणि हे वाटणं किती घाण आहे हे कळूनही ते जाईना. लागला असता तर सगळं सोपं झालं असतं. आवाज खरा होता, माझा कान खरा होता, माझं 'नाही' खोटं होतं. तीन वाक्यं, एका कागदावर मावणारी. तिनं वायर ओली करून पाहिली. तारेला गवत लावून पाहिलं, त्यासाठी खाली जाऊन कुंपणाकडचं गवत उपटून आणलं. सुरक्षारक्षक बघत राहिला. सव्वाचारपर्यंत साडेसहा हजार ठोके झाले. बल्ब एकदाही लागला नाही. याचा अर्थ काही नव्हता. बजरंगच्या पेटीवर किती ठोके पडले असतील? सोयाबीनच्या वेळेपासून, दिवसरात्र. तिनं कागदावर गुणाकार केला आणि उत्तर आलं तेव्हा कागद उलटा ठेवला. कोट्यवधींत एकदा वाजलं तरी पुरे. आणि तेही क्षणभरच वाजायला हवं. स्टार्टर एकदा ओढला गेला की स्वतःला स्वतःच धरून ठेवतो, मोटर चालूच राहते.

साडेचारला तिनं बजरंगच्या नंबरवर फोन लावला. कशासाठी, हे तिनं ठरवलं नव्हतं. उचलला त्याच्या आईनं.

"कोन?"

"मी धाराशिवहून बोलतेय, ऑटोच्या कारखान्यातून. बजरंग कसे आहेत आता?"

 बाई कुणाला तरी म्हणाली, "आगं, ही बया फोन करती बघ. पेटीतली." आणि परत फोनमध्ये, "तूच हाईस न्हव? मोटर बंद हाय म्हनणारी?"

ती तीच होती. पहिल्या नमुन्यात पुण्याच्या कुठल्याशा कंपनीकडून विकत घेतलेला आवाज होता. लोकांना तो कळेना. "ही बाई बातम्या देतीय का मोटर चालवतीय" असं कोंडीरामनंच म्हटलं होतं. मग अमरसिंहांनी शिवरंजनीला जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या खोलीत बसवून, वर गोधडी धरून, मोबाईलवर आठ वाक्यं बोलायला लावली. लाईट आली आहे. लाईट गेली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा. मोटर चालू झाली आहे. मोटर बंद आहे. एकशे शहाऐंशी शेतांत सकाळी साडेआठला लाईट आली की पेटी आपणहून मालकाला फोन लावते आणि शिवरंजनी सांगते, लाईट आली आहे. तिला त्याचं कौतुक वाटत आलं होतं. येडेश्वरीच्या यात्रेत एका अनोळखी माणसानं तिचं बोलणं ऐकून मागं वळून पाहिलं होतं आणि ती घरी येऊन ते सगळ्यांना सांगत सुटली होती.

"हो, मावशी. आवाज माझाच आहे."

"माझं नाव द्वारकाबाई. मी तिथंच हुते काठावर, भाकरी घिऊन आल्ते. त्यानं मला ऐकवलं फोन लावून. म्हनला, आई, बंद हाय, ह्या बाईनं सांगितलंय, आता भ्याव न्हाय. त्याला मी म्हनले हुते, डीपीकडं जाऊन फ्यूज काढून ये. त्यो म्हनला, बाई कधी खोटं बोलत न्हाय." ती रडत नव्हती. नीट, क्रमानं सांगत होती. "मंग चालू कुनी केली गं?"

"मावशी, मला माहीत नाही."

"तुला न्हाय माहीत तर कुनाला माहीत?"

पाचला बायका घरी गेल्या. शिवरंजनीनं विक्रीचं रजिस्टर पिशवीत घातलं आणि समर्थनगरमधल्या आपल्या खोलीवर आली. हातपाय धुतले, चहा केला, प्याली नाही. मग कृष्णराजला मेल लिहिला. तीनदा लिहिला. पहिल्यात कारणं होती: फ्रीज, स्टॅबिलायझर, कान. दुसऱ्यात क्षमा होती. तिसऱ्यात तीन ओळी राहिल्या. अमुक तारखेच्या चाचणीत तिसऱ्या फेरीत मी रिलेचा आवाज ऐकला. तुम्ही विचारल्यावर मी नाही म्हणाले. हे अहवालात नोंदवावे आणि सर्टिफिकेटबाबत योग्य ते करावे. तो पाठवून तिनं फोन हातात घेतला. विहिरीत उतरण्याआधी फ्यूज काढा, आणि अँटेनाची वायर कुंपणापासून सोडवा. एवढंच सांगायचं होतं.

पहिला फोन अप्पांना. ते हसले. "सकाळी तू बोललीस की मशीनमधनं. मी म्हणलो, बरं बाई." मग गंभीर होऊन कानडीत दोन प्रश्न विचारले, आणि शेवटी, "किती जणांना असं सांगणार आहेस?"

"सगळ्यांना."

"साहेबानं सांगितलंय?"

तिनं रजिस्टरचं पहिलं पान उघडलं.  मागून अव्वाचा, तिच्या आईचा चन्नम्माचा, आवाज आला, पोरगी जेवली का विचारा. "जेव आधी," अप्पा म्हणाले. "मग कर."

दुसऱ्या फोनला ती म्हणाली, "नमस्कार, मी मोबाईल ऑटोच्या कारखान्यातून बोलतेय," आणि समोरच्यानं फोन ठेवला. तिसऱ्यानंही ठेवला. चौथा परंड्याकडचा होता, त्यानं ठेवण्याआधी शेजारच्याला सांगितलेलं तिला ऐकू आलं, "काय न्हाय, लाईट गेली आसंल, बाई बोलती." सातव्यानं ठेवला नाही. ती बोलत राहिली, फ्यूज, विहीर, वायर, सगळं सांगितलं, आणि तिला वाटलं ऐकतोय. मग तिच्या कानात एक लांब बीप वाजला. त्यानं दोनचं बटण दाबलं होतं. मोटर बंद करण्यासाठी.

ती भिंतीला टेकून बसली. आपला आवाज कसा बदलायचा हे तिला कळेना. घसा खरवडून पाहिला. भरभर बोलून पाहिलं. भरभर बोललं की लोक विचारत, कुठली बँक? शेवटी तिनं ऑटोचं नाव घेणं सोडलं आणि मशीन जे कधीच बोलणार नाही ते आधी बोलायला लागली. "जेवण झालं का हो?" असं विचारलं की माणूस अडायचा. "झालं की. कोण बोलतंय?" मग नाव, गाव, कुणाची कोण. मुरूमकडचा एक म्हातारा, वीरप्पा, दहा मिनिटं पाहुण्यांचा धागा शोधत राहिला आणि तो सापडल्यावरच त्यानं फ्यूजचं ऐकून घेतलं. एक म्हणाला, "मॅडम, फ्यूजच काढायचा तर तुमची पेटी कशाला पाहिजे?" एक म्हणाला, "तुमी मशीनमधी लई गोड बोलता, हितं का वराडता?" एकानं सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "म्हंजी तुमाला हे आधीपासनं ठावं हुतं?" तिनं रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं बरोबरची खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

साडेनऊला तिनं थांबवलं. त्यानंतर शेतकरी फोन उचलत नाहीत. पहाटे सहाला परत सुरू केलं. अमरसिंहांचे चार फोन येऊन गेलेले होते आणि एक मेसेज: ताई, लोकांचे मला फोन यायला लागलेत. कारखान्यावर ये, बोलू. कृष्णराजच्या पत्त्यावरून एका ओळीचं आपोआप पाठवलेलं उत्तर आलेलं होतं, मेल मिळाला, तीन कामकाजी दिवसांत उत्तर देऊ. आठ वाजता कोंडीरामनं कळवलं की बजरंगचं तिसरं बोटही काढावं लागलं आणि पेटी घेऊन जाणारी गाडी अजून निघालेली नाही.

साडेआठला लाईट आली. पेट्यांनी मालकांना फोन लावले असणार. तेव्हा तिच्या रजिस्टरमध्ये एकतीस नावांपुढं खूण नव्हती. सोळा फोन बंद होते, पंधरा जण तिचा आवाज ऐकून ठेवत होते. ती त्या पंधरांना पुन्हा पहिल्यापासून लावायला लागली.

नऊ वाजता अठ्ठावीस राहिली होती.